सगळे काटे वर

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, मांसाहार करतेस का हेसुद्धा विचारलं नाही. लखनऊच्या जानकीपुरममध्ये खोली शोधत चार दिवस फिरल्यावर या तीन प्रश्नांची मला इतकी सवय झाली होती, की ते न विचारणारा घरमालक म्हणजे काहीतरी गोलमाल असणार असं वाटलं. दार उघडून ते म्हणाले, "ये, इथे उभी राहा," आणि मला थेट बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरसमोर नेलं. एका हाताने त्यांनी पडद्यापुढे स्टीलचं ताट धरलं. मग पापणी लवते न लवते इतक्यात ते बाजूला केलं आणि परत आडवं धरलं.

"काय वाचलंस?"

"कुठे?"

"पुन्हा बघ."

ताट पुन्हा हललं. काळ्या गोलात एक पांढरा काटा दिसला, एवढंच.

"नऊ?" मी म्हटलं.

"नऊ काय?"

"माहीत नाही हो."

ते एकदम खूश झाले. "माहीत नाही म्हणालीस, हे बरं केलंस. मागचा मुलगा काहीही ठोकून द्यायचा. वरची खोली तुझी."

मी नाशिकची. औषधांवर संशोधन करणाऱ्या इथल्या एका संस्थेत नुकतीच रुजू झाले होते, आणि परीक्षा देण्याची मला सवय होती. पण आपण कुठल्या विषयात पास झालो हे न कळण्याची ती पहिलीच वेळ. माणूस वेडा असेल किंवा घर चांगलं असेल, दोन्ही कसं असेल, असा विचार करत मी सामान आणलं. दोन्ही होतं.

घरमालक, म्हणजे काका, मूळचे मिरजेचे. रेल्वेच्या एका कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून लखनऊला आले आणि निवृत्त होऊन इथेच राहिले. जन्मभर सरळ रेघा मारल्यामुळे की काय, त्यांना वाकडं काही बघवत नसे. घरातल्या प्रत्येक गोल वस्तूवर त्यांनी हात चालवला होता. इस्त्रीची चकती, फ्रिजचं बटण, इन्व्हर्टरचा मीटर, पंख्याचा रेग्युलेटर, सगळं उपटून, फिरवून पुन्हा बसवलेलं. सगळं ठीकठाक असेल तेव्हा काटा किंवा खूण सरळ वर दिसली पाहिजे, हा त्यांचा नियम. "आकडे वाचत बसायला वेळ कुणाला आहे? सगळे काटे वर, म्हणजे सगळं बरं. एखादा कलला, की तिकडे धावायचं." व्हरांड्यात वजनाचा काटा होता, त्यात बायकोचं, म्हणजे काकूंचं, वजन बरोबर वर आणून हिरवा पट्टा ओढला होता. मी त्यावर उभी राहिले की काटा उजवीकडे झुकायचा आणि काका माझ्याकडे काळजीने बघायचे. भिंतीवरच्या घड्याळाचं काय करावं, हे मात्र त्यांना कधी सुटलं नाही. घड्याळाला नॉर्मल नसतं, अशी त्यांची तक्रार होती.

कॉम्प्युटरवर दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांचा खेळ होता. सिम्युलेटर. पायलटच्या समोरच्या तबकड्या त्यात अगदी खऱ्यासारख्या, म्हणजे बारीक, मळकट, एकावर एक काटे असलेल्या. काका दिवसभर बसून त्या तबकड्या नव्याने काढायचे. खेळातली तबकडी म्हणजे शेवटी एक चित्रच, ते काढून तिथे आपलं चित्र घालता येतं, एवढं मला समजलं. का घालायचं, ते समजेना.

हजरतगंजला मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले असताना एका बाईंनी मला कोपऱ्यात घेऊन ते 'समजावलं'. काका म्हणे पूर्वी हवाई दलात होते. उंचीचा आकडा चुकीचा वाचल्यामुळे त्यांचा जिवलग मित्र विमानासकट गेला, तेव्हापासून हे असं. मला अगदी भरून आलं. घरी परतल्यावर मी काकांशी आजारी माणसाशी बोलावं तशी हळू आवाजात बोलायला लागले. दोन दिवस त्यांनी सहन केलं. मग म्हणाले, "घसा बसलाय का तुझा? मिठाच्या गुळण्या कर."

त्या रविवारी संध्याकाळी मी डबा परत द्यायला खाली गेले, तर बाहेरच्या खोलीत इंजिनाचा आवाज घुमत होता. खुर्चीत काकू बसल्या होत्या. एका कानावर हेडफोन, हातात जॉयस्टिक, पदर खोचलेला, शेजारी स्टुलावर निवडायची मेथी. कुणाच्या तरी विमानातून धूर निघत होता. काका मागे हात बांधून उभे.

"काकू, तुम्ही?"

"मग कोण, हे?" काकू पडद्यावरून मान न हलवता म्हणाल्या. "हे तर पुण्याला जायचं तरी रेल्वेनेच जातात. विमानात बसलेच नाहीत कधी."

"पण ते हवाई दलात..."

काकू इतक्या हसल्या की विमान डगमगलं. "हवाई दलात माझे बाबा होते गं! जमिनीवर. आम्ही छावण्या-छावण्यांतून वाढलो. मला उडायचं होतं, तर तेव्हा मुलींना घेतच नव्हते. मग काय, गणित शिकवलं इथे शाळेत. अच्छा, थांब, हा मागे लागलाय माझ्या."

म्हणजे मी दोन दिवस सुतक पाळलं ते एका अफवेचं. मला हसावं की चिडावं ते कळेना.

काकूंकडे पहिल्यांदा बघितलं तेव्हाही माझा असाच गोंधळ झाला होता. त्या माझ्याशी बोलत होत्या आणि बघत होत्या माझ्या कानापलीकडे. मागे कोण आलंय म्हणून मी वळूनसुद्धा पाहिलं. मग एकदा काकांनी सांगितलं. काकूंच्या दोन्ही डोळ्यांतलं मधलं दिसणं जात चाललं होतं. कडेचं दिसे, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच नाहीसं होई. इथल्या मोठ्या इस्पितळात सांगितलं की या प्रकाराला औषध नाही, जपून राहा. काकूंनी स्कूटर देऊन टाकली, शिकवण्या बंद केल्या, आणि एक अख्खा हिवाळा भिंतीकडे तोंड करून पडून काढला. काका खिचडी करून उशाशी ठेवायचे आणि तशीच उचलायचे. हे सांगताना ते माझ्याकडे न बघता पेन्सिलला टोक करत होते, आणि पेन्सिल अर्धी होऊन गेली तरी थांबले नाहीत.

"मग एके दिवशी आतून इंजिनाचा आवाज आला," ते म्हणाले. "बघतो तर ही खुर्चीत, तिचा जुना खेळ लावून. म्हणाली, आकाश दिसतंय हो, विमानं दिसतायत, फक्त काटे दिसत नाहीत. मी म्हटलं, एवढंच ना?"

तेव्हापासून ते काटे काढत होते. बारीक आकडे पुसले, काटा जाड केला, लाल खुणा तिला दिसत नाहीत म्हणून पिवळ्या केल्या. प्रत्येक तबकडी अशी फिरवली, की विमान नीट चाललंय तोवर सगळे काटे उभे राहतील आणि एखादा कलला तर डोळ्याच्या कडेलाही जाणवेल. उंचीचा काटा तेवढा ऐकत नसे, कारण विमान उतरायचं म्हणजे तो खाली येणारच. "ही उडतेय तोवर ही उठून बसतेय," ते एकदा म्हणाले. "खेळ सुटला, की ती भिंत आहेच." त्या भिंतीला ते खरोखर घाबरत होते. ती खोली त्यांनी दोनदा वेगळ्या रंगाने रंगवली होती.

तबकडी चटकन वाचता येते का, हे बघायला त्यांना सतत नवी माणसं लागायची. गॅसवाला, मीटर बघायला येणारा, माझ्या आईचा व्हिडिओ कॉल आला की आईसुद्धा. दारावरचा भाजीवाला तर रोजचा.

"भैया, ज़रा एक नज़र."

"बाबूजी, टमाटर तौल दें पहिले."

"टमाटर नंतर. बोलो, क्या देखा?"

भाजीवाला डोकं खाजवून म्हणाला, "साढ़े चार बजा है."

मला हसू फुटलं. काका गंभीर. "हसू नकोस. त्याला घड्याळ दिसलं, म्हणजे मी घड्याळ काढलंय." उंचीची ती तबकडी त्यांनी तिथेच रद्द केली आणि आठवडाभर नवी काढत बसले. वाचणारा कधी चुकत नाही, अशी त्यांची ठाम श्रद्धा होती. मी माझ्या प्रयोगशाळेत एकदा मोजमापात घोटाळा केला आणि तोंड पाडून घरी आले, तर माझी बाजू घेऊन ते त्या यंत्राच्या कंपनीला पत्र लिहायला निघाले. यंत्र बिचारं बरोबर होतं. माझंच लक्ष नव्हतं. पण हे त्यांना काही केल्या पटेना.

काकू एकट्या उडत नव्हत्या. जगभरच्या हौशी लोकांची एक स्क्वाड्रन, म्हणजे तुकडी, होती, ती दर रविवारी आपल्या संध्याकाळी इंटरनेटवर जमायची. पुढारी पोलंडमधला एक निवृत्त दंतवैद्य. काकू त्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या, म्हणजे त्याच्या पाठीशी राहून त्याला सांभाळणाऱ्या. काकू तिथे बोलत नसत, ठरलेल्या खुणांची चारदोन बटणं दाबून काम भागवत. त्यामुळे हा कुणी अबोल भारतीय पुरुष आहे, अशी सगळ्यांची समजूत होती. काकूंनी ती तशीच राहू दिली.

काकांनी आपल्या तबकड्या सगळ्यांसाठी फुकट ठेवल्या होत्या, चुका कळाव्यात म्हणून. कुणी चुका सांगितल्या नाहीत, शिव्या मात्र दिल्या. विमानाची नक्कल तंतोतंत असली पाहिजे असं मानणारे लोक त्यात होते, आणि अर्जेंटिनाचा एक म्हातारा त्यांत सगळ्यात कडवा. 'या विमानात असा काटा कधीच नव्हता,' असं त्याने लिहिलं. काका खवळले. मला म्हणाले, "त्या विमानात हीसुद्धा कधी नव्हती. मग?"

आणि त्याच सुमाराला स्क्वाड्रनने नियम केला. मोठ्या मोहिमेआधी प्रत्येकाने ढगातून विमान उतरवून दाखवायचं, आणि तेही मूळच्या तबकड्यांवर. ज्याला जमणार नाही त्याने नुसतं बघायचं.

काकांचं जेवण सुटलं. ते स्क्वाड्रनला पत्रामागून पत्र लिहू लागले, ड्राफ्ट्समनच्या सवयीने सगळी मोठ्या अक्षरांत, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटावं की हा माणूस ओरडतोय. इंग्रजी तपासायचं काम माझ्याकडे. आणि खरं कारण लिहायची काकूंनी बंदी केलेली. "माझे डोळे मध्ये आणायचे नाहीत. दया नको मला." मग काका तत्त्वावर भांडत. मानवी दृष्टी, रेषांची जाडी, काळ्यावर पांढरं की पांढऱ्यावर काळं. एका पत्रात त्यांनी रेल्वेच्या सिग्नलचा इतिहास घातला. मी म्हणे, काका, एवढं कोण वाचणार? ते म्हणत, नाही वाचलं तर माझंच पत्र चुकलं. मला दोघांचंही पटायचं, आणि दोघांमध्ये बसून मी स्वल्पविराम दुरुस्त करत राहायची.

शेवटी एका रविवारी, सगळे जमलेले असताना, काकूंनी माइक चालू केला.

"गुड इव्हनिंग," त्या म्हणाल्या. वर्गात शिरताना म्हणत असतील तशा. हेडफोन काढून आवाज त्यांनी खोलीभर लावला होता. मग त्या स्वच्छ इंग्रजीत बोलल्या, ते असं: मी गणिताची निवृत्त शिक्षिका आहे. मला मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. हे काटे माझ्या नवऱ्याने माझ्यासाठी काढले आहेत. ते घेऊन परीक्षा देता येत नसेल तर तसं सांगा, मी रागावणार नाही.

मग दंतवैद्य खाकरला. म्हणाला, "मॅडम, मी गेली दोन वर्षं तेच काटे वापरतो आहे."

"मीही," आणखी कुणी म्हणालं. आणि मग एक दमलेला आवाज आला, तो अर्जेंटिनावाल्याचा. "मीसुद्धा. चष्मा घातला की माझा हेडफोन बसत नाही."

सगळे म्हातारे होते! कुणालाच आपले जुने काटे दिसत नव्हते, आणि कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. काकांना ते उच्चार कळत नव्हते. ते माझी बाही ओढत होते, "काय म्हणाला? नाही म्हणाला का?"

"काका, सगळे तुमचेच काटे वापरतात!"

मला वाटलं यांच्या डोळ्यांत पाणी येईल. ते संतापले. "मग बोलले का नाहीत इतके दिवस? किती चुका कळल्या असत्या!"

पुढच्या रविवारी काकूंची परीक्षा झाली, काकांच्याच काट्यांवर. दंतवैद्याने जाड ढग लावले होते. काकू उडाल्या, आणि पडदा नुसता राखाडी झाला. त्या राखाडीत काकांच्या तबकड्या तेवढ्या उजळ. उंचीचा सोडला तर सगळे काटे सरळ उभे. एखादा जरा कलला की काकूंचा हात हलायचा आणि तो पुन्हा उभा राहायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण काही बिघडलेलं नाही, एवढं मात्र बघताक्षणी कळत होतं. इतके दिवस हा माणूस काय करत होता ते मला तेव्हा कळलं.

विमान ढगाखाली आलं. खाली हिरवं मैदान, झाडांची रांग, मध्ये उतरायची पट्टी. मला स्वच्छ दिसली.

"पट्टी कुठाय?" काकूंनी विचारलं.

"समोर," काका म्हणाले.

"समोर कुठे?"

"समोर गं, अगदी समोर!"

काकूंनी कडेने बघायला मान वळवली. मानेबरोबर हात वळला, हाताबरोबर विमान. पडद्यावर झाडं मोठी होत गेली आणि मग सगळं थांबलं.

"काटे सगळे वर होते," काका म्हणाले. दोनदा म्हणाले.

दंतवैद्य म्हणत होता, पुढच्या रविवारी पुन्हा द्या, काही बिघडत नाही. काकूंनी आभार मानले आणि माइक बंद केला. "काटे छान दिसत होते हो," त्या काकांना म्हणाल्या. "अगदी छान." मग उठून भिंतीला हात लावत आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर काकू आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. काका जिना चढून माझ्या खोलीत आले. असे ते कधी येत नसत. उभ्याउभ्याच म्हणाले, "तबकडी जागची हलत नाही, म्हणून काढता येते. पट्टी दर वेळी वेगळीकडून येते. ती कशी काढायची गं? तुम्ही संशोधन करता ना?"

मी औषधांवर काम करत होते, आणि या दुखण्यावर माझ्याकडे औषध नव्हतं. काका खाली गेल्यावर मला रडू आलं, आणि नक्की कुणासाठी, तेही सांगता आलं नसतं.

त्या आठवड्याच्या शेवटी संस्थेतून परत आले, तर फाटकातच इंजिनाचा आवाज ऐकू आला. पण हा आवाज काकूंचा नव्हता. नुसता घुरघुरत, मध्येच किंचाळत, मध्येच बंद पडत होता. मी चपला न काढताच आत धावले.

खुर्चीत काका होते. दोन्ही हातांनी जॉयस्टिक गळा धरल्यासारखी धरलेली, शर्ट पाठीला चिकटलेला. काकू शेजारी वेताच्या मोढ्यावर, खिडकीकडे तोंड करून, डोकं आवाजाकडे कललेलं.

"नाक वर जातंय तुमचं. आवाज ऐका ना, किती दमलाय तो. वेग बघा."

"दिसत नाहीये!"

"अहो, समोर आहे. तुम्हीच काढलाय."

"सगळे काटे हलतायत गं! एकसुद्धा वाचता येत नाही!" मग मला बघून केविलवाणे म्हणाले, "अगं, तू तरी सांग, काय लिहिलंय तिथे?"

मी पुढे वाकेपर्यंत विमान नाकावर आपटलं. काकू खळखळून हसल्या. आठवडाभरात त्या घरात कुणी हसलं नव्हतं.

"दंतवैद्याला कळवलंय मी," त्या मला म्हणाल्या. "दुसरा नंबर आमचाच. मतलब, कान माझे, हात यांचे. परीक्षा आहे पुढच्या महिन्यात." आणि काकांकडे वळून, "चला. पुन्हा वर."

"नको गं. मला आपली रेल्वेच बरी."

"चला म्हणते ना."

विमान धावू लागलं. चाकांनी जमीन सोडली तसे काकांनी डोळे गच्च मिटले. काकूंना ते कसं कळलं मला माहीत नाही. त्यांनी हात पुढे करून, चाचपडत, त्यांचं मनगट धरलं.

"डोळे उघडा," त्या म्हणाल्या. "आपल्या दोघांत आता तेवढेच आहेत."

त्यांनी उघडले.